कच्ची वही

कंपनीच्या कागदावर लिहिलंय :
सुलक्षा चोगले, राहणार पाजपंढरी.
पहिली कॅसेट ‘लाल डोलकाठी’, खप एकोणीस हजार.
दुसरी ‘वायरलेसवर बोल ना’, खप साडेसहा हजार,
परत आलेला माल दोन हजार शंभर.
शेरा : चालली नाही.

हा कागद तिच्या भावाने दाखवला,
माझ्याच दुकानात, चहा पिता पिता.
तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसलो.

कारण माझ्याकडे दुसरी वही आहे.
कच्ची. पुठ्ठ्याला डिझेलचा डाग.
मुकादम म्युझिक सेंटर, हर्णै बंदर,
सन शहाण्णव ते दोन हजार एक.
रात्री दहानंतर यंत्रं लावायचो,
एका वेळी पाच निघायच्या.
कव्हर झेरॉक्सचं,
त्यात तिची नथ, तिचे दात, मागची बोट
सगळं एकाच काळ्यात बुडालेलं.
कंपनीची पस्तीसला, माझी अठराला.

‘वायरलेसवर बोल ना’ :
नारळी पुनवेच्या आठवड्यात तीनशे दहा.
लग्नसराईत नऊशे.
अंजर्ल्याच्या खाडीत वादळात बोटी शिरल्या तेव्हा
एका दिवसात एकशे चाळीस,
खलाशांना दुसरं कामच नव्हतं.
बुरोंडी, आडे, केळशी, उधारी वेगळी.

आणि एक रात्र वहीत नाही.
तीस वावांवर जाळी टाकून बोटी थांबलेल्या,
कुणीतरी वायरलेसचं बटण दाबून
माइक टेपरेकॉर्डरपुढे धरला.
चाळीस केबिनांत तीच गायली,
खरखरत, मध्येच बर्फाचा भाव सांगणारा एक आवाज,
मग पुन्हा ती.
एक कॅसेट. चाळीस बोटी. बोटीवर आठ माणसं.
हे कुठल्या रकान्यात मांडतात,
कंपनीला विचारायचं राहून गेलं.

ती एकदाच आली दुकानात.
लिलाव उठल्यावर, हाताला सुरमईचे खवले.
‘सुलक्षाची नवी आहे?’
मी ओळखलं. तिलाही कळलं मी ओळखलं ते.
अठरा रुपये सुटे मोजले तिने काचेवर.
‘बिल द्या.’
‘कच्चं चालेल?’
‘चालेल. पक्क्यात मी कुठंय?’

चार दिवसांनी परत.
मी मनात पोलीस, वकील, भाऊ, सगळे उभे केले.
ती म्हणाली,
‘दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं घरघरतंय.
लोक पैसे देतात, मुकादम.’
त्या रात्री स्पिरिटच्या बोळ्याने
मी यंत्रांची डोकी पुसली,
तिन्ही यंत्रांची,
अशी की वाळूसुद्धा लाजेल.

आता भाचा मोबाईल पुढे करतो.
तेच तिसरं गाणं, कुणी नवे ढोल घातलेत,
खाली आकडा, चार लाखांच्या पुढे,
आम्ही बघतोय तोवर सात वाढले.
‘मामू, आता चोरी नाही. एकूण एक मोजतात.’
‘तिला किती मिळतात?’
तो खूप वेळ बोट सरकवत राहिला.

काल बेरीज केली.
अकरा हजार चारशे बाहत्तर, उधारी धरून.
वही घेऊन पाजपंढरीला गेलो.
ती ओट्यापुढे जवळा वाळवत होती,
केस पिकलेत, आवाज बसलेला नाही.
माफी मागायची तर कुठून सुरू करतात?
मी वही पुढे केली.
‘हात ओले आहेत,’ ती म्हणाली, ‘वाचा.’

मी वाचू लागलो. शहाण्णव, ऑगस्ट, सोळा. सतरा. पंचवीस.
शेजारच्या बायका जमल्या,
एकीला वाटलं लिलावच चाललाय,
तिने सवयीने आकडा चढवला.
दुसरीने त्यावर.
सगळ्या हसल्या, मी थांबलो.

सुलक्षाने जवळा उलटा केला,
ऊन कुठवर आलंय ते पाहिलं.
‘थांबलात का? अजून सत्त्याण्णव बाकी आहे.’